‘ईएन २४’चा शाफ्ट मोडतोच कसा?

गेल्या हंगामात, चुलवाण पेटून जेमतेम महिना झाला असेल, करवीर तालुक्यातले एक गुऱ्हाळमालक मी माझं मशीन शॉप उघडायच्या आधीच दारात येऊन उभे होते. टेम्पोत चरकाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा पोलादी दांडा, होता, दोन तुकड्यांत. “दादा, ह्यो तुमीच करून दिल्याला. ईएन चोवीस म्हणून जादा पैसं मोजलं. मग मोडतोय कसा?”

आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती. चरक थांबला की तोडून आणलेला ऊस वाळत पडतो, रस कमी उतरतो, गुळाची प्रत बिघडते, आणि माणसांची हजेरी चालूच राहते. मी तुकडे खाली उतरवून घेतले, त्यांना बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. तेच आता इथे सविस्तर लिहितो आहे, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. ईएन २४ ही पोलादाची एक भारी जात. कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्त्यांत, शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात दिवसभर “ईएन चोवीस टाका” हे वाक्य कानावर पडतं. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही ते एखाद्या औषधाच्या नावासारखं घेतात. ते औषध कशावर लागू पडतं, कधी पडत नाही, हे कुणी सांगत बसत नाही.

## आधी बीड आणि पोलाद वेगळं करू

कोल्हापूरचं नाव झालं ते फौंड्रीमुळे. ऑइल इंजिनाचे ब्लॉक, पंपाच्या बॉड्या, मशीनचे बेड हे बहुतेक सगळं बिडाचं काम. बिडात १०० किलोला साधारण अडीच ते चार किलो कार्बन असतो आणि नेहमीच्या करड्या बिडात तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. त्यामुळे बीड दाबाला उत्तम, पण ओढ लागली की त्या पापुद्र्यांपाशीच तडकतं. घण घातला तर बीड फुटतं आणि पोलाद चेपतं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

पोलादात कार्बन फार थोडा असतो. खिडकीच्या गजाला वापरतो त्या साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) १०० किलोला सुमारे २०० ग्रॅम. ईएन २४ मध्ये सुमारे ४०० ग्रॅम. त्याच्या जोडीला ईएन २४ मध्ये दीड किलोच्या आसपास निकेल, सव्वा किलोपर्यंत क्रोमियम, पाव किलो मॉलिब्डेनम आणि थोडं मँगनीज, सिलिकॉन असतं. उरलेलं ९५ किलोंहून जास्त सगळं लोखंडच. असे मुद्दाम दुसरे धातू घातलेल्या पोलादाला मिश्र पोलाद म्हणतात, बाजारात ‘अलॉय स्टील’.

नावाचं म्हणाल, तर ईएनचे हे आकडे ब्रिटिशांच्या बीएस ९७० या मानकातले आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलादाच्या असंख्य जातींना आळा घालायला ती यादी केली गेली. ब्रिटनने पुढे ही पद्धत बदलली आणि ईएन २४ ला ८१७ एम ४० असं नवं नाव दिलं. अमेरिकेत जवळपास याच घडणीच्या पोलादाला ४३४० म्हणतात. आपल्याकडे मात्र जुनाच आकडा तोंडात बसला आहे. तो फक्त यादीतला क्रमांक आहे. २४ हा आकडा ताकदीचा नाही की कार्बनचाही नाही, आणि ईएन ३६ हे ईएन २४ च्या दीडपट चांगलं असंही काही नाही.

## ताकद मोजायची कशी? साखरेच्या पोत्यांनी

पोलादाची एक तार घ्या, जिचा छेद बरोबर एक चौरस मिलिमीटर आहे. जाड दाभणाएवढी म्हणा. तिला खाली वजन लावत जा. तार आधी ताणली जाते, पण वजन काढलं की मूळ लांबीवर परत येते. वजन आणखी वाढवलं की एका टप्प्यानंतर ती परत येत नाही, लांबच राहते. हा टप्पा म्हणजे ‘यील्ड’, आपण त्याला नमण्याची हद्द म्हणू. त्याहीपुढे गेलं की तार तुटते. ती तुटण्याची हद्द.

एमएसची अशी तार सुमारे ४२ किलोला तुटते, म्हणजे ५० किलोचं साखरेचं एक पोतंही तिला पेलत नाही. ईएन २४ नेहमीच्या पद्धतीने हार्डनिंग-टेम्परिंग (लाल तापवून तेलात बुडवणं आणि मग पुन्हा बेताने तापवणं) करून घेतलं, ज्याला कागदोपत्री ‘टी’ कंडिशन म्हणतात, तर तीच तार ८७ ते १०२ किलो पेलते. दोन पोती. त्याच ईएन २४ ला सगळ्यात वरच्या ‘झेड’ कंडिशनला नेलं, तर १५८ किलो. तीन पोती, आणि वर थोडं.

पण त्याच ईएन २४ ला उष्णतेचा काहीच संस्कार दिला नाही, गोदामातून ॲनील केलेला (तापवून सावकाश निववलेला) मऊ बार उचलला आणि तसाच लेथवर टर्न करून बसवला, तर तार तुटते ७६ किलोला. नमते तर ४८ किलोलाच. ‘टी’ कंडिशनमध्ये ही नमण्याची हद्द ६६ ते ६९ किलो असते.

पोलाद तेच, बिल तेच, स्टॅम्प तोच. फरक फक्त भट्टीचा.

त्या शाफ्टच्या गोष्टीतला पहिला दोष इथेच होता आणि तो माझ्याकडचा होता. दोन वर्षांपूर्वी हंगाम तोंडावर आला होता, उद्या पाहिजे म्हणून घाई होती. हार्डनिंगला पाठवलं तर दोन-तीन दिवस जाणार होते. मी बार आणला, टर्न केला, की-वे (चावी बसवायची खाच) मारला आणि दिला. मोडलेला तुकडा तपासून घेतला तेव्हा स्पेक्ट्रोने, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राने, ईएन २४ च दाखवलं. कठीणपणा मात्र २१५ बीएचएन (ब्रिनेल मापाने) निघाला. ‘टी’ कंडिशनला तो २४८ ते ३०२ असायला हवा.

## त्याच रसाची काकवी, त्याच रसाचा गूळ

भट्टीत असं होतं तरी काय? हे समजायला गुऱ्हाळासारखी जागा नाही. काहिलीत रस एकच असतो. १०५-१०६ अंशांच्या आसपास उतरवला तर काकवी होते. ११८ च्या आसपास नेऊन वाफ्यात ओतला तर गूळ. काकवी आणि गुळात फरक पडला तो फक्त पाणी किती काढलं याचा. किती तापवलं, कधी उतरवलं आणि कसं निवू दिलं, यावर सगळं ठरलं. गुळव्याची किंमत याच नजरेसाठी असते.

पोलादात तर पाणीही निघून जात नाही. फक्त अणूंची बैठक बदलते. सुमारे ८२५ ते ८५० अंशांना लालभडक तापवलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी अशी होते की कार्बनला त्यात आरामात जागा मिळते. आता ते पोलाद सावकाश निवू दिलं, तर मांडणी पुन्हा जुन्यासारखी होताना कार्बन हळूहळू बाहेर पडतो आणि वेगळा बसतो. मऊ पोलाद मिळतं. पण एकदम तेलात बुडवलं, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मांडणी बदलते, कार्बन आतच अडकतो आणि सगळी रचना ताणून धरतो. गर्दीच्या एसटीत दार अचानक बंद व्हावं, आतल्या माणसाला हात हलवायलाही जागा उरू नये, तसं. अडकलेल्या कार्बनमुळे अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, म्हणून पोलाद अत्यंत कठीण होतं. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून.

तेलातून काढलेल्या तुकड्यावर कानस मारून बघा. कानस धरतच नाही, काचेवरून घसरावी तशी घसरते आणि आवाज किरकिरा येतो. पण हा तुकडा असाच वापरायचा नसतो. तो ठिसूळ असतो, घाव बसला तर तडकतो. म्हणून त्याला पुन्हा तापवतात, या वेळी कमी, साधारण ५५० ते ६५० अंशांपर्यंत. अडकलेला कार्बन थोडा सैल होतो आणि अतिसूक्ष्म कणांच्या रूपात जागोजाग बसतो. कठीणपणा थोडा उतरतो, चिवटपणा भरपूर परत येतो. हे टेम्परिंग.

आपल्या लोहारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ऊसतोडीच्या कोयत्याला ‘पाणी देणं’ म्हणजे हेच. लाल कोयत्याची धार पाण्यात बुडवायची, बाहेर काढून घासायची आणि पाठीकडची उष्णता धारेकडे सरकताना रंग बघत बसायचं. गवती पिवळा, मग तांबूस, मग निळा. हवा तो रंग धारेला पोचला की पुन्हा पाण्यात. कसलंही यंत्र न लावता केलेलं हे टेम्परिंग आहे, आणि ते पाहताना मला आजही आदर वाटतो.

घर बांधणाऱ्यांनीही हे पाहिलंय, फक्त नावाने ओळखलेलं नाही. स्लॅबला वापरतो ती टीएमटी सळई रोलिंग मिलमधून लाल निघते तेव्हा तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात. बाहेरची साल कठीण होते, आतल्या उष्णतेने तीच साल मग टेम्पर होते आणि गाभा मऊ राहतो. तिच्यात निकेल नाही की मॉलिब्डेनम नाही. ताकद आली ती निवण्याच्या पद्धतीतून.

## मग निकेल-क्रोमियमचा खर्च कशाला?

शंका रास्त आहे. नुसत्या तापवण्या-बुडवण्याने ताकद येत असेल तर ईएन ८ सारखं साधं, स्वस्त पोलाद घ्यावं. त्यातही कार्बन सुमारे ४०० ग्रॅमच आहे.

बारीक कामाला हे खरंच चालतं. अंगठ्याएवढ्या जाडीच्या ईएन ८ ला नीट हार्डनिंग-टेम्परिंग दिलं, तर तो माझ्या त्या मऊ ईएन २४ च्या बरोबरीला येतो. अडचण जाडीची आहे. मोठा उकडलेला बटाटा थंड पाण्यात टाका. साल लगेच गार होते, पण मध्ये फोडलं तर वाफ येते. जाड शाफ्टचं तसंच. बाहेरचा भाग झटकन निवतो आणि कठीण होतो, गाभा सावकाश निवतो. ईएन ८ मध्ये कार्बन फार लवकर निसटतो, त्यामुळे गाभा मऊच राहतो. जोर वाढवावा म्हणून तेलाऐवजी पाण्यात बुडवलं, तर बाहेर-आत इतका फरक पडतो की तुकडा वाकतो किंवा तडकतो.

निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम कार्बनची ही पळापळ मंद करतात. मग गाभा तेलात सावकाश निवला तरी मार्टेन्साइट होतं. अंग किती खोलवर कठीण होऊ शकतं, या गुणाला ‘हार्डनेबिलिटी’ म्हणतात. जास्तीत जास्त कठीणपणा किती, हे मुख्यतः कार्बन ठरवतो. तो किती आत पोचणार, हे मिश्र धातू ठरवतात. ईएन २४ ची ‘टी’ कंडिशन १५० मिलिमीटर जाडीपर्यंत मिळू शकते ती त्यामुळेच. पैसे द्यायचे ते यासाठी.

शिवाय निकेल चिवटपणा देतं. मॉलिब्डेनमचं काम आणखी बारीक आहे. क्रोमियम-निकेलची पोलादं टेम्परिंगनंतर सावकाश निवली तर आतून ठिसूळ होण्याची खोड धरतात. पाव किलो मॉलिब्डेनम ती खोड बऱ्याच अंशी मोडतं. चिमूटभर हिंगासारखं आहे ते, वगळलं की लगेच कळतं.

## “जेवढं कठीण तेवढं मजबूत ना?”

नाही. आणि ही समजूत फार महागात पडते.

कठीण म्हणजे ओरखडा न पडणारं. मजबूत म्हणजे जास्त ओढ पेलणारं. चिवट म्हणजे घाव पचवणारं, भेग पडली तरी ती पुढे पळू न देणारं. काच कठीण आहे, चिवट नाही. पोलादात कठीणपणा आणि ओढ पेलण्याची ताकद बरोबरीने वाढतात, म्हणून तर बीएचएनच्या आकड्यावरून ताकदीचा अंदाज बांधता येतो. बीएचएनला ०.३५ ने गुणलं की चौरस मिलिमीटरला किती किलो, ते साधारण कळतं. २५० बीएचएन म्हणजे ८७ किलोंच्या आसपास. पण ताकद चढते तसा चिवटपणा उतरतो. ‘झेड’ कंडिशनचा तीन पोती पेलणारा शाफ्ट उसाच्या मोळीत दगड आला की बसणाऱ्या धक्क्याला ‘टी’ कंडिशनपेक्षा कमी तोंड देतो. म्हणून चरकाला, ट्रॅक्टरच्या कामाला मधली कंडिशनच बरी. “एकदम फुल्ल हार्ड करून द्या” असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, काम काय आहे?

टेम्परिंगचा आकडाही कुठेही चालत नाही. २५० ते ४०० अंशांच्या मधल्या पट्ट्यात ईएन २४ टेम्पर केलं तर चिवटपणा वाढायच्या ऐवजी घटतो. भट्टीवाला अनुभवी हवा तो अशासाठी.

## “ईएन २४ घातला तर शाफ्ट वाकायचा थांबेल?”

इथे जाणत्या मिस्त्रींचीही फसगत होते. शाफ्ट चालताना मधोमध झुकतो, गिअर नीट बसत नाही, म्हणून भारी पोलाद घालतात. झोल जसाच्या तसा राहतो.

कारण भाराखाली किती झुकायचं हे पोलादाच्या जातीवर जवळजवळ अवलंबूनच नसतं. एमएस, ईएन ८, ईएन २४, मऊ असो की कडक, नमण्याच्या हद्दीच्या आत सगळी पोलादं सारख्या भाराला सारखीच झुकतात. भारी पोलाद जास्त भारापर्यंत झुकून परत सरळ होतं, एवढाच फरक. वजनही सारखंच, एक लिटर आकारमानाला ७.८५ किलोंच्या आसपास.

झोल कमी करायचा तर जाडी वाढवा किंवा दोन बेअरिंगांमधलं अंतर कमी करा. ७५ मिलिमीटरचा शाफ्ट ९० चा केला तर त्याची वाकण्याविरुद्धची ताकद पावणेदोन पटींच्या जवळ जाते आणि झोल निम्म्याहून कमी होतो. जागा असेल तिथे जाड ईएन ८ हा पातळ ईएन २४ पेक्षा शहाणा सौदा असतो. जागा नसेल, बेअरिंग-हाउसिंग बदलणं शक्य नसेल, तिथे ईएन २४ कामाला येतं.

## मोडलेला तुकडा वाचायचा असतो

आता मूळ प्रश्न. मऊ होता म्हणून मोडला का? एवढ्याने नसता मोडला.

मोडलेलं तोंड आम्ही रॉकेलने धुऊन उन्हात धरलं. तीन चतुर्थांश भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा कमानदार रेषा होत्या, एका बिंदूपासून सुरू होऊन पसरत गेलेल्या. त्या बिंदूजवळचा भाग काळपट होता, भेगेत उसाचा रस शिरून गंजलेला. उरलेला एक चतुर्थांश खडबडीत, खडीसाखरेसारखा चमकणारा. तो भाग शेवटच्या दिवशी मोडलेला. बाकीची भेग कित्येक आठवडे पुढे सरकत होती.

याला ‘फटीग’ म्हणतात, धातूची दमणूक. शाफ्टवर भार एकाच दिशेने असतो, पण शाफ्ट फिरतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला बारा फेरे धरले आणि रोज बारा तास चरक चालला, तर १०० दिवसांत ८ लाख ६४ हजार वेळा. टिनाची पट्टी हाताने तोडायची तर आपण ती मागे-पुढे वाकवतो, तेच काम लाखो वेळा, अगदी सूक्ष्म प्रमाणात. म्हणून नमण्याच्या हद्दीच्या कितीतरी खालच्या भारालाही शाफ्ट मोडू शकतो. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून मोठा रेल्वे अपघात झाला, तेव्हापासून अभियंते या कोड्याच्या मागे लागले. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की पोलादाला एक खालची मर्यादा असते, तिच्या आत भार राहिला तर ते दमत नाही. ही मर्यादा ढोबळमानाने तुटण्याच्या ताकदीच्या निम्मी असते. पण पृष्ठभाग गुळगुळीत असेल तरच.

खाच आली की हिशेब फिरतो. जाड ऊस मोडायचा तर आपण कोयत्याने जरा खाच मारतो आणि मग गुडघ्यावर मोडतो. शाफ्टची जिथे जाडी बदलते त्या स्टेपचा कोपरा टोकदार असेल, तर तीच खाच. टूलची खोल रेघ, की-वेचा कोपरा, पंचाने मारलेली खूण, सगळ्या खाचाच. कडक पोलाद या बाबतीत मऊ पोलादापेक्षा हळवं असतं, हेही लक्षात ठेवा. स्टेपला तीन-चार मिलिमीटरचा रेडियस (कोपऱ्याला गोलाई) द्यायला टर्नरला फार तर दहा मिनिटं जास्त लागतात. शाफ्टच्या आयुष्यात याच्याइतकी स्वस्त भर दुसरी नाही.

## “झिजला तर वेल्डिंगने भरून घेऊ”

भेग सुरू झाली होती ती बेअरिंगच्या बैठकीपाशी, आणि तिथे वेल्डिंगचा थर दिसत होता. मालकांनी सांगितलं, मागच्या उन्हाळ्यात बैठक झिजली होती, गावाजवळ एकाकडून भरून घेतली आणि टर्न करून आणली.

साध्या एमएसवर हे चालून जातं. ईएन २४ वर काय होतं बघा. वेल्डिंगच्या खालची पातळ पट्टी क्षणात ९०० अंशांच्या वर जाते. भोवतीचा थंडगार जाड शाफ्ट ती उष्णता शोषून घेतो, तेलात बुडवल्यापेक्षाही वेगाने. म्हणजे त्या पट्टीचं हार्डनिंग झालं. टेम्परिंग झालं नाही. वर इलेक्ट्रोडच्या ओलाव्यातून हायड्रोजन आत शिरतो आणि ठिसूळ पट्टीत बारीक भेगा पाडतो, कधी कधी दुसऱ्या दिवशी. मऊ राहिलेल्या त्या अख्ख्या शाफ्टमध्ये कडक झालेली जागा तेवढी एकच होती, आणि ती नेमकी सगळ्यात जास्त ताण येणाऱ्या कोपऱ्यावर.

करायचंच असेल तर शाफ्ट आधी २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवायचा, भाजून कोरडे केलेले कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड वापरायचे, काम झाल्यावर सावकाश निववायचा आणि पुन्हा उष्णता देऊन आतला ताण काढायचा. एवढं होणार नसेल तर बैठक टर्न करून वर स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं कवच, बसवणं बरं.

हायड्रोजनचा हाच त्रास कडक बोल्टांना होतो. बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते, आणि दशांशानंतरचा आकडा सांगतो की त्यातल्या किती हिश्श्यावर बोल्ट नमतो. ८.८ म्हणजे ८०० आणि त्याचे दहापैकी आठ हिस्से, ६४०. दहा मेगापास्कल म्हणजे साधारण एक किलो प्रति चौरस मिलिमीटर धरा. १२.९ चा बोल्ट गंजू नये म्हणून कुठूनही इलेक्ट्रोप्लेटिंग करून घेतला आणि लगेच सुमारे २०० अंशांना काही तास भाजला नाही, तर घट्ट करून ठेवलेला बोल्ट दोन दिवसांनी आपोआप तुटलेला सापडू शकतो.

“पण क्रोमियम आहे ना, मग गंजतो कसा?” गंज रोखायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. ईएन २४ मध्ये सव्वा टक्का. रसाच्या शिंतोड्यात तो एमएससारखाच गंजतो.

## हे पोलाद खरं शोभतं कुठे

जिथे जागा कमी, भार मोठा आणि धक्के सतत, तिथे. इंजिनाचे क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड, गिअरबॉक्सचे शाफ्ट, प्रेसचे टाय रॉड. उजळाईवाडीला, आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर, विमान उतरताना चाकं टेकतात तो क्षण कधी नीट बघा. ज्या पायांवर ते वजन येतं ते जाड करत बसलं तर विमान उडणार कसं? मोठ्या प्रवासी विमानांच्या लँडिंग गिअरला ३०० एम नावाचं पोलाद वापरतात. ते म्हणजे ४३४० मध्येच सिलिकॉन वाढवून दीड टक्क्याच्या वर नेलेलं आणि थोडं व्हॅनेडियम घातलेलं. आपली ती दाभणाएवढी तार या पोलादाची केली तर सुमारे १९७ किलो पेलते, साखरेची जवळजवळ चार पोती. पण ते निर्वातात पुन्हा वितळवून शुद्ध केलेलं असतं, आणि त्याच्या पृष्ठभागावरचा एक ओरखडाही तपासून बघतात. उलट घराच्या गेटला, शेडच्या अँगलला, ट्रॉलीच्या सांगाड्याला ईएन २४ घालणं म्हणजे पैसे वाया. तिथे वेल्डिंग सुरळीत होणं महत्त्वाचं, आणि त्यात एमएसला तोड नाही.

## दुकानात काय विचारायचं

बार ईएन २४ च आहे ना, हे ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून ठरवू नका. ठिणग्या कार्बनचा अंदाज देतात, पण ईएन १९ आणि ईएन २४ वेगळे करायला तो अंदाज पुरत नाही. ईएन १९ मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनम असतं, निकेल मुद्दाम घातलेलं नसतं, आणि ते स्वस्त पडतं. स्पेक्ट्रोवर काही सेकंदांत उत्तर मिळतं. दुसरा प्रश्न, कंडिशन काय? हार्डनिंग-टेम्परिंग केलेला असेल तर बीएचएनचं रीडिंग मागा, तोंडी नको. आणि टर्नरला सांगा, स्टेपला रेडियस हवा.

त्या गुऱ्हाळाचा नवा शाफ्ट मी रफ टर्न करून भट्टीला पाठवला, परत आल्यावर फिनिश केला. तीन जागी रीडिंग घेतली, २६५, २७२, २६९, आणि ती रंगाने शाफ्टच्या तोंडावर लिहिली. चरक दोन दिवस जास्त बंद राहिला. मालकांनी ते सोसलं आणि मी मजुरी घेतली नाही.

जाताना त्यांना एक जुनी तपासणी दाखवली होती. रेल्वेत आसांच्या भेगा शोधायला पूर्वी हीच करत. स्टेपचा कोपरा स्वच्छ पुसायचा, रॉकेल लावून थोडा वेळ ठेवायचं, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत झिरपतं आणि केसाएवढी काळी रेघ उमटते. यंदा खंडेनवमीला, चरकाला हळदकुंकू लावायच्या आधी, त्यांचा फोन आला.

“दादा, खडू लावून अर्धा तास झाला. दोन्ही बाजू बघितल्या. कोरडा हाय.”